लिनक्सची आवृत्ती बदलताना: क्रमामागची कारणे

चालू संगणकावरील लिनक्स प्रणाली जुन्या आवृत्तीतून नव्या आवृत्तीत नेण्याचे काम एकेक आज्ञा टंकून हाताने करता येते, आणि डेबियनसारख्या वितरणात तीच रूढ पद्धत आहे. मात्र या आज्ञांचा क्रम चुकला, तर ज्या आज्ञांनी संगणक अद्ययावत व्हायचा त्यांनीच तो सुरू व्हायचा थांबतो. वितरण म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, आणि त्याच्या भोवतीचे हजारो प्रोग्रॅम एकत्र आणून, एकमेकांशी जुळवून, तपासून लोकांच्या हाती दिलेला संच. इअन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये सुरू केलेले डेबियन हे अशा वितरणांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने घडवलेली ‘बॉस’ ही देशी प्रणालीसुद्धा डेबियनच्याच पायावर उभी आहे. डेबियनची बारावी आवृत्ती ‘बुकवर्म’ १० जून २०२३ रोजी आणि तेरावी ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. बारावीतून तेरावीत जाणे, हा येथे विवेचनाचा विषय आहे.

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन वाचताना एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते, ती अशी की वीज जाणार नाही आणि इंटरनेट तुटणार नाही. अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यातील सेमाडोह या गावाला हे गृहीतक लावून पाहिले की क्रमाचे महत्त्व अधिक ठळकपणे दिसते. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, सिपना नदीच्या काठी, मेळघाट व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलात वसलेले हे गाव. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प घोषित झाले, त्यांतला मेळघाट हा एक. याच रस्त्यावर पुढे धारणी तालुक्यात हरिसाल लागते, जे २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. एका गावाला असे विशेष प्रकल्प उभारून जोडावे लागले, यावरूनच आसपासच्या डोंगराळ मुलखात जोडणीची स्थिती काय असेल याची कल्पना येते. अशा ठिकाणी शाळेत, आश्रमशाळेत किंवा एखाद्या कार्यालयात जुना संगणक लिनक्सवर चालवणे हा शहाणपणाचा पर्याय असतो, कारण विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतपणे चढत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत आणि ते एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय पाहता येतात, त्यामुळे शिकण्याची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण उरते ती देखभालीची.

लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम पॅकेजच्या रूपात येतो. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमच्या फायली, त्या कोठे ठेवायच्या याची माहिती, आणि त्याला आणखी कोणकोणती पॅकेजे लागतात याची यादी, असे एकत्र बांधलेले गाठोडे. या शेवटच्या यादीला अवलंबित्व म्हणतात आणि आवृत्तीबदलातील सगळी गुंतागुंत तिच्यातून जन्मते. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम अक्षरे रेखाटणाऱ्या ग्रंथालयावर, ते ग्रंथालय त्याहून मूलभूत ग्रंथालयावर, आणि जवळजवळ सगळेच प्रोग्रॅम सी भाषेच्या मूळ ग्रंथालयावर विसंबून असतात. ग्रंथालय म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी मिळून वापरायचा तयार सामायिक भाग. डेबियनमध्ये हा व्यवहार दोन साधने सांभाळतात. डीपीकेजी हे साधन हाती असलेले पॅकेज उलगडून बसवते, तर ॲप्ट हे त्याच्या वरचे साधन कोणती पॅकेजे लागतील याचा हिशेब करते, ती सर्व्हरवरून आणते आणि योग्य क्रमाने डीपीकेजीकडे सोपवते. आवृत्ती बदलताना हजाराहून अधिक पॅकेजे या हिशेबातून जातात, आणि ती जात असताना संगणक चालूच असतो. राहत्या घराचे छप्पर माणसे आत असताना बदलण्यासारखे हे काम आहे.

म्हणून पहिली पायरी कोणतीही आज्ञा देण्याची नसून वाचण्याची असते. डेबियन प्रत्येक आवृत्तीबरोबर प्रकाशन-टिपणे प्रसिद्ध करते आणि त्यांत पूर्वीपेक्षा काय बदलले ते सांगितलेले असते. ही टिपणे अनेक जण वगळतात, आणि तेराव्या आवृत्तीपुरते तरी ते फारच महागात पडू शकते. ट्रिक्सीने ३२ बिटांच्या जुन्या इंटेल-धर्तीच्या प्रोसेसरांसाठी स्वतंत्र कर्नल आणि स्थापनासंच देणे बंद केले आहे. याचा अर्थ असा की दान म्हणून मिळालेला जुना संगणक जर ३२ बिटांचा असेल, तर तो तेराव्या आवृत्तीत नेऊ नये, आणि प्रोसेसर ६४ बिटांचा असूनही त्यावर प्रणाली ३२ बिटांची बसवलेली असेल, तर आवृत्तीबदल न करता नव्याने स्थापना करावी, असाच सल्ला टिपणांत आहे. डीपीकेजीला संगणकाची रचना कोणती, हे विचारणारी एक ओळीची आज्ञा आहे. तिचे उत्तर पाहण्याआधी पुढे जाणे म्हणजे जेथे जायला रस्ताच नाही तेथे जायला निघणे होय. दुसरी सूचना बूट विभागाविषयी आहे. कर्नल आणि सुरुवातीला लागणारी प्राथमिक फाइल-व्यवस्था जेथे ठेवली जाते, तो हा विभाग जुन्या स्थापनांत बराच लहान असतो, आणि कर्नल व फर्मवेअर यांचा आकार वाढल्यामुळे त्यात सुमारे ३०० एमबी जागा मोकळी असावी, असे ट्रिक्सीची टिपणे सांगतात. ही जागा कामाच्या मध्यावर संपली, तर नवा कर्नल अर्धवट लिहिला जातो.

टिपणांत आणखी एक नियम आहे, तो म्हणजे आवृत्ती ओलांडून उडी मारू नये. अकराव्या ‘बुल्सआय’वरून थेट तेरावीत जाण्याची सोय डेबियन देत नाही, कारण पॅकेजांमधील जुने ते नवे असे रूपांतर घडवणाऱ्या सूचना लगतच्या आवृत्तीपुरत्याच लिहिलेल्या आणि तपासलेल्या असतात. बुल्सआयवर राहिलेल्या संगणकाला बुकवर्मचा मुक्काम घ्यावाच लागतो, आणि तेथे एक जुनी खोच आहे. बाराव्या आवृत्तीपासून वाय-फायसारख्या उपकरणांना लागणारे फर्मवेअर, म्हणजे त्या उपकरणाच्या आतच चालणारा छोटा प्रोग्रॅम, एका वेगळ्या कप्प्यात ठेवले गेले. तो कप्पा स्रोतांच्या यादीत जोडला नाही, तर फर्मवेअरच्या पुढच्या दुरुस्त्या संगणकापर्यंत पोहोचतच नाहीत.

यानंतर प्रतीची पायरी येते. वापरणाऱ्यांच्या फायली वेगळ्या डिस्कवर घेणे हे तर उघडच आहे, पण त्यांच्याबरोबर मांडणीच्या फायली ठेवणारी ‘इटीसी’ ही निर्देशिका, डीपीकेजी आणि ॲप्ट यांच्या नोंदवह्या, आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी यांचीही प्रत घ्यावी लागते. ही प्रत बदलाच्या आदल्या आठवड्यातली असून चालत नाही.

आता पहिली प्रत्यक्ष आज्ञा, आणि ती नव्या आवृत्तीशी संबंधित नसते. आधी जुनी आवृत्तीच पूर्णपणे अद्ययावत करायची असते. हे विसंगत वाटते, कारण जे लवकरच टाकून द्यायचे त्याची डागडुजी का करावी, असा प्रश्न पडतो. उत्तर असे की पुढचा सगळा बदल जुन्या आवृत्तीतील ॲप्ट आणि डीपीकेजीच घडवून आणणार असतात. त्यांतल्या त्रुटींच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीच्या अद्यतनांतूनच मिळतात, आणि नव्या आवृत्तीच्या सह्या पडताळण्याच्या किल्ल्याही त्याच मार्गाने येतात. डेबियन आपल्या पॅकेजांच्या अनुक्रमणिकेवर गणिती सही करते, आणि त्या सहीची किल्ली संगणकाजवळ नसेल तर ॲप्ट ती अनुक्रमणिका मानण्यास नकार देते. याच टप्प्यावर अर्धवट राहिलेली पॅकेजे शोधून दुरुस्त करायची, बदलू नये म्हणून कोणी अडवून ठेवलेली पॅकेजे मोकळी करायची, आणि डेबियनबाहेरून आलेले स्रोत तात्पुरते बंद करायचे असतात. बाहेरच्या स्रोतातील एखादे पॅकेज जुन्या ग्रंथालयाला धरून बसले, तर त्याच्यामुळे ॲप्टचा सारा हिशेब अडू शकतो.

जुन्या यंत्रांच्या बाबतीत येथे एक क्षुल्लक वाटणारी तपासणी मोठे काम वाचवते, आणि ती आहे तारखेची. मदरबोर्डवरील गोल नाण्यासारखी बॅटरी संपलेली असेल, तर संगणक बंद होताच त्याचे घड्याळ मागे जाते; शहरात इंटरनेटवरून वेळ आपोआप दुरुस्त होत असल्याने हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जोडणी नसलेल्या जागी मात्र संगणक स्वतःला अनेक वर्षे मागच्या काळात समजतो, आणि अनुक्रमणिकेवरील तारीख भविष्यातली दिसल्यामुळे ॲप्ट ती अद्याप वैध नाही असे सांगून थांबते. संदेश अनुक्रमणिकेविषयी असतो, दोष चाळीस-पन्नास रुपयांच्या बॅटरीत असतो.

जुनी आवृत्ती जागेवर आली की स्रोतांची यादी बदलायची. या यादीत ॲप्टने पॅकेजे कोठून आणायची ते लिहिलेले असते, आणि जेथे जेथे बुकवर्म असेल तेथे ट्रिक्सी असे करायचे असते, सुरक्षा-दुरुस्त्यांच्या ओळीतसुद्धा. काही जण आवृत्तीच्या नावाऐवजी ‘स्टेबल’ असा शब्द लिहून ठेवतात. तो टाळावा, कारण नवी आवृत्ती प्रसिद्ध होताच त्या शब्दाचा अर्थच बदलतो आणि एरवीचे साधे अद्यतन करणाऱ्याच्या पुढ्यात अख्खा आवृत्तीबदल येऊन उभा राहतो. यादी बदलल्यावर ‘ॲप्ट अपडेट’ ही आज्ञा नव्या आवृत्तीची अनुक्रमणिका आणते. संगणकावर या क्षणापर्यंत काहीही बदललेले नसते, आणि मागे फिरायचे असेल तर यादी पूर्ववत करून पुन्हा हीच आज्ञा देणे पुरते.

सेमाडोहसारख्या ठिकाणी क्रमाला एक जास्तीची पायरी जोडावी लागते, आणि ती सर्वांनीच जोडावी अशी आहे. पॅकेजे उतरवणे आणि बसवणे या दोन क्रिया ॲप्ट एका दमात करत असले, तरी केवळ उतरवून थांबण्याची सोय त्यात आहे. डेस्कटॉप असलेल्या संगणकाच्या आवृत्तीबदलाला एक-दोन जीबी सहज लागतात. ते अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीवर दोन रात्रीत उतरले तरी बिघडत नाही, कारण मध्येच थांबलेले काम पुढे चालू करता येते आणि प्रणालीला अजून हात लागलेला नसतो. फेडोरा या दुसऱ्या वितरणाने तर ही विभागणी पद्धतीतच पक्की केली आहे: तेथे आधी सगळी पॅकेजे उतरवली जातात, मग संगणक पुन्हा सुरू होतो आणि दुसरे काहीही चालू नसताना ती बसवली जातात.

जोडणी मुळीच नसेल तेथे ‘ॲप्ट-ऑफलाइन’ हे साधन उपयोगी पडते. डेबियनचे भारतीय विकासक ऋतेश राज सराफ यांनी ते लिहिले आहे. जोडणी नसलेल्या संगणकावर हे साधन काय काय हवे त्याची एक छोटी फाइल तयार करते. ती पेनड्राइव्हवर घालून परतवाड्याला किंवा अमरावतीला नेता येते, तेथील कोणत्याही जोडलेल्या संगणकावर, मग तो विंडोजचा का असेना, तेच साधन त्या फाइलीप्रमाणे सगळे उतरवून एक गठ्ठा बांधते, आणि गावी परत आल्यावर तो गठ्ठा मूळ संगणकात भरला जातो. येथे क्रमाची किंमत किलोमीटरमध्ये मोजावी लागते. कोणती पॅकेजे हवीत हे नवी अनुक्रमणिका हाती आल्याशिवाय ॲप्टला सांगताच येत नाही, म्हणून पहिली फेरी अनुक्रमणिकेसाठी आणि दुसरी पॅकेजांसाठी, अशा किमान दोन फेऱ्या होतात. त्याआधी जुनी आवृत्ती अद्ययावत करायची राहिली असेल, तर आणखी दोन. यावर पर्याय म्हणून डेबियनच्या डीव्हीडीची प्रतिमा पेनड्राइव्हवर आणून तीच स्रोत म्हणून जोडता येते, पण डीव्हीडीवर नसलेली पॅकेजे आणि ताज्या सुरक्षा-दुरुस्त्या त्यातून मिळत नाहीत. शाळेच्या प्रयोगशाळेत एकसारखे दहा संगणक असतील, तर एकाने उतरवलेली पॅकेजे साठवून बाकीच्यांना पुरवणारा मध्यस्थ प्रोग्रॅम बसवावा, म्हणजे तोच गठ्ठा दहादा आणावा लागत नाही.

बसवण्याला सुरुवात करताना डेस्कटॉपच्या खिडकीतून आज्ञा देऊ नये, कारण त्या खिडकीला आधार देणारी चित्रप्रणालीच बदलली जात असते, आणि ती मध्ये कोसळली तर आज्ञाही तिच्याबरोबर जाते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबून मिळणारा साधा मजकुराचा पडदा यासाठी योग्य. दुसऱ्या संगणकावरून काम करायचे असेल तर जोडणी तुटली तरी आतले काम चालू ठेवणारे ‘टीमक्स’सारखे साधन वापरावे. पडद्यावर येणारा सगळा मजकूर फाइलीत नोंदवण्याचीही सोय आहे, आणि काही बिघडल्यास ती नोंद सोन्याच्या मोलाची ठरते.

आवृत्तीबदल एका आज्ञेत उरकता येत असला तरी तो दोन टप्प्यांत करण्याचा सल्ला दिला जातो. पहिल्या टप्प्यात, एकही पॅकेज न काढता आणि एकही नवे न घालता जी बदलता येतात तेवढीच बदलायची. त्यामुळे हिशेब लहान होतो आणि महत्त्वाची पॅकेजे विनाकारण काढली जाण्याचा धोका घटतो. दुसऱ्या टप्प्यात ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ ही आज्ञा उरलेला बदल पुरा करते आणि त्यासाठी काही पॅकेजे काढण्याची मुभा घेते. संमती विचारण्यापूर्वी ॲप्ट काय काढणार त्याची यादी दाखवते, आणि सगळ्या प्रक्रियेत डोळ्यांत तेल घालून वाचावी अशी जागा हीच. त्या यादीत जुन्या ग्रंथालयांची नावे असणे स्वाभाविक आहे. पण तीत डेस्कटॉपचे मुख्य पॅकेज किंवा रोजच्या वापरातला प्रोग्रॅम दिसला, तर नकार देऊन कारण शोधणे श्रेयस्कर. होकार देण्याची सवय बोटांना लागलेली असते, हे खरे कारण बहुतेक अपघातांमागे असावे.

मध्येच ॲप्ट थांबून एखाद्या मांडणी-फाइलीविषयी विचारते. मूळ फाइलीत स्थानिक बदल केलेला असेल आणि नव्या आवृत्तीने वेगळी फाइल आणली असेल, तेव्हा हा प्रश्न येतो, आणि नुसती एंटर कळ दाबली तर स्थानिक फाइल राखली जाते. नवी फाइल तेव्हाही वेगळ्या नावाने शेजारी ठेवली जात असल्यामुळे दोहोंची तुलना नंतर सावकाश करता येते. हे प्रश्न येणार म्हणूनच संगणक रात्रभर सोडून झोपी जाणे योग्य नव्हे.

याच वेळी वीज गेली तर काय, हा प्रश्न मेळघाटात पुस्तकी नाही, आणि त्याचे उत्तर डीपीकेजीच्या रचनेत आहे. ते प्रत्येक पॅकेज दोन पावलांत बसवते. पहिल्या पावलात नव्या फायली तात्पुरत्या नावाने, शेवटी ‘डीपीकेजी-न्यू’ अशी खूण जोडून, डिस्कवर उतरतात आणि मग नाव बदलून जुन्यांची जागा घेतात. दुसऱ्या पावलात त्या पॅकेजाची मांडणी लावणारी सूचनावली चालते. कोणते पॅकेज कोणत्या पावलावर आहे याची नोंद सतत ठेवली जाते. म्हणून वीज परतल्यावर संगणक मजकुराच्या पडद्यापर्यंत जरी आला, तरी अपुरी राहिलेली मांडणी पुरी करण्याची डीपीकेजीची आज्ञा आधी, आणि तुटलेली अवलंबित्वे जोडण्याची ॲप्टची आज्ञा नंतर, अशा क्रमाने दिल्यास बहुधा काम सोडले तेथून पुढे चालू होते. घाबरून सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची गरज नसते. तथापि ज्या थोड्या मिनिटांत सी ग्रंथालय किंवा कर्नल बदलत असतो, तेव्हा वीज न जाणेच बरे. लॅपटॉपची बॅटरी शंभर टक्के भरून, किंवा डेस्कटॉपला यूपीएस जोडूनच दुसरा टप्पा सुरू करावा.

सगळे बसून झाले तरी चालू प्रोग्रॅम जुनेच असतात. लिनक्समध्ये फाइलीचे नाव आणि तिचा मजकूर या वेगळ्या गोष्टी असल्याने, नव्या फाइलीने नावाची जागा घेतली तरी आधीच उघडलेला प्रोग्रॅम जुन्या मजकुराला धरून राहतो, आणि कर्नल तर संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय बदलतच नाही. बुकवर्मचा कर्नल ६.१ या मालिकेतला आणि ट्रिक्सीचा ६.१२ मधला, पुन्हा सुरू केल्यावर हा आकडा तपासणे ही यशाची पहिली खूण. जुना कर्नल सुरुवातीच्या यादीत अजून दिसत असतो, आणि नव्याने दगा दिला तर त्यावरून संगणक उठवता येतो. म्हणूनच निरुपयोगी झालेली पॅकेजे झाडून काढणारी ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा संगणक पुन्हा सुरू केल्यानंतर, छापणी, आवाज, वाय-फाय आणि मराठी टंकन ही रोजची कामे तपासून झाल्यावरच द्यावी. मराठीची तपासणी करताना कळफलक बदलतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. ‘वऱ्हाड’ हा एक शब्द टंकून पडद्यावर आणि कागदावर पाहिला, तर अर्ध्या ऱ्याची चंद्रकोर नीट उमटते का यावरून लोहितसारखा देवनागरी फाँट आणि अक्षरे जोडणारे ग्रंथालय या दोहोंची परीक्षा होते.

हे काम केव्हा हाती घ्यावे, याला मात्र डेबियनने ऐसपैस मुदत दिली आहे. बुकवर्मला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या जून २०२६ पर्यंत, आणि त्यापुढे दीर्घकालीन आधाराच्या योजनेखाली ३० जून २०२८ पर्यंत मिळायच्या आहेत. तेव्हा घाटात झाडे तारांवर पडण्याच्या आणि रस्ता खचण्याच्या दिवसांत पेनड्राइव्ह घेऊन परतवाड्याच्या फेऱ्या मारण्याचे कारण नाही. प्रकाशन-टिपणांचे वाचन पावसाळ्यात उरकून, प्रत्यक्ष बदल दिवाळीच्या सुटीत, शाळेचे संगणक रिकामे असताना, आधी एका यंत्रावर आणि आठवडाभर ते वापरून पाहिल्यावर बाकीच्यांवर करावा.